खाऱ्या पाण्यात घातलेला हात

दादा जहाजावरून कायमचा घरी आला तेव्हा त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेलेले होते. एकोणीस वर्षं तो इंजिनरूममध्ये होता. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी 'अनफिट' असा शेरा मारला आणि कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं नाही. दोन बॅगा घेऊन तो आखाडा बाळापूरच्या स्टँडवर उतरला. मी मोटारसायकल घेऊन गेलो होतो. गावापर्यंतच्या वाटेत मी मागे वळून तीनदा काहीतरी विचारलं. त्याने तिन्ही वेळा 'व्हय' म्हटलं. एकाही प्रश्नाचं उत्तर 'व्हय' नव्हतं.

घरात आम्ही तिघं, आई, मी आणि माझी बायको. मी शाळेत शिकवतो आणि उरलेल्या वेळात घरचं शेत बघतो. दादाचं लग्न दोनदा जमता जमता राहिलं, मग त्याने तो विषयच सोडला. सुरुवातीला गावातली माणसं त्याच्याशी ओरडून बोलायची. दर वाक्य दोनदा म्हणायचं म्हणजे माणूस कंटाळतोच. महिन्याभरात लोक लांबूनच हात करून जायला लागले. दादा ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचा. आई म्हणायची, "घरात येऊन बी हे लेकरू जहाजावरच हाय."

एक दिवस त्याने माझी शाळेची वही ओढून घेतली आणि मागच्या पानावर एक पेटी काढली. पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच.

"काचेची," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्याची."

"मासे पाळायचेत?" मी मोठ्याने विचारलं.

"मासे दोन-चार. खरं तर प्रवाळ."

मग तो खूप दिवसांनी सलग बोलला. एकदा त्यांचं जहाज बिघडून एका बेटाजवळ कितीतरी दिवस नांगर टाकून उभं होतं. इंजिन बंद. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पाण्यात बघत राहायचा. खाली बागेसारखी रंगीत प्रवाळं होती, त्यांच्यातून मासे फिरायचे. "तेवढेच दिवस बरे गेले," तो म्हणाला. एकोणीस वर्षांबद्दल त्याने एवढं एकच वाक्य मला सांगितलं.

आईला मी समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाणीच पाहायचं तर ईसापूरचं धरण हाय की जवळ." मलाही ते वेडेपणाचंच वाटत होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नाही. वीज तर कधी जाईल त्याचा भरवसा नाही. पण तो पहिल्यांदाच काहीतरी मागत होता.

लोखंडी स्टँड बाळापूरला वेल्डिंग करून घेतला. मीठ लोखंड खातं म्हणून दादाने त्याला तीन हात रंग दिला. बैठकीची फरशी एका कोपऱ्यात खचली होती, ती उखडून खाली काँक्रीट भरलं. भरलेल्या टाकीचं वजन अर्ध्या टनाच्या वर जाणार होतं. टाकी नांदेडहून टेम्पोत गोधड्यांमध्ये गुंडाळून आली. ती उचलून आत आणायला आठ माणसं लागली, आणि त्या आठ जणांनी मग गावभर सांगितलं की मास्तरच्या भावाने घरात विहीर बांधली.

आमच्या बोअरचं पाणी जड. ते चालत नव्हतं. फिल्टरच्या मशीनमधून दोऱ्याएवढ्या धारेने पाणी पडायचं आणि प्लास्टिकचे ड्रम भरायचे. ते भरायला आठवडा गेला. मग त्यात पोत्यातलं समुद्री मीठ कालवायचं, आणि दुर्बिणीसारख्या छोट्या नळीतून उजेडाकडे बघून खारटपणा मोजायचा. आईने बोट बुडवून चाटून पाहिलं.

"लई खारट झालं रे."

"समुद्र असाच असतो," दादा म्हणाला. हे त्याला कसं ऐकू गेलं कोण जाणे. कदाचित तिच्या तोंडावरून कळलं असेल.

खडक त्याने कारखान्यात बनवलेले मागवले. समुद्रातून खडक आणि प्रवाळ काढायला बंदी आहे, आणि नसती तरी आपण ते आणले नसते, असं तो म्हणाला. खडक रचून, पाणी भरून, मोटारी लावून झाल्यावर मला वाटलं, आता मासे येणार. पण दादाने सांगितलं, आता महिनाभर थांबायचं. पाण्यात न दिसणारे जिवाणू तयार व्हायला हवेत. ते घाण खातात. ते नसले तर टाकलेला प्रत्येक जीव मरणार.

त्या महिन्यात लोक येऊन रिकामी टाकी बघून जायचे. शेजारचे काका म्हणाले, "एवढं करून नुसतं पाणीच पाहून राहिला का?" दादा रोज बाटलीत पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचा आणि रंग कार्डाशी जुळवायचा. खडकांवर तपकिरी शेवाळ आलं, काच गढूळ झाली. बायको मला म्हणाली, बिघडलं वाटतं. दादा म्हणाला, बराबर चाललंय.

मग एके दिवशी हैदराबादहून ट्रॅव्हल्सने थर्माकोलचा खोका आला. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, काही गोगलगायी, लाल पाठीचा एक झिंगा आणि समुद्रातून न काढता टाक्यांत वाढवलेल्या प्रवाळांचे छोटे छोटे तुकडे. काही प्रवाळं बटणासारखी होती, काही आळंब्यासारखी, एक जाड बोटांच्या पंजासारखं. सवय व्हावी म्हणून दादाने तासभर बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब त्यांच्या पिशव्यांत सोडलं, तेव्हा कुठे त्यांना टाकीत जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी बटणं उमलली. हिरवी झालर, मध्ये नारिंगी ठिपका. आठवड्याने झिंगा त्याच्या हातावर चढला आणि नखांतला मळ टोकरायला लागला. दादा हसला. आई स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटलं काय झालं. त्या घरात त्याचं हसणं आम्ही कितीतरी वर्षांनी ऐकलं होतं.

उन्हाळा आम्ही कसाबसा काढला. पाणी थंड करायचं मशीन, दोन इन्व्हर्टर, दुपारी खिडकीला ओले पडदे. दादाला मोटार बंद पडल्याचं ऐकू यायचं नाही. तो येता-जाता काचेला तळहात लावून बघायचा. थरथर लागली की पुढे जायचा. मला त्याने तीन आवाज शिकवले होते: स्टँडखालच्या छोट्या टाकीत पडणाऱ्या पाण्याचा, फेस काढणाऱ्या नळीचा, आणि लाटा करणाऱ्या छोट्या मोटारीची गुणगुण. "हे ऐकायचं काम तुझं," तो म्हणाला होता. टाकीच्या वर त्याने पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं: हात घालण्याआधी कोपरापर्यंत साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. साबण नाही, तेल नाही, फवारणीचं औषध नाही.

श्रावणात एका सुट्टीच्या दिवशी दादा कानाच्या मशीनसाठी नांदेडला गेला. आदल्या आठवड्यात सोयाबीनवर चक्री भुंगा दिसला होता. मी सकाळी फवारणीला गेलो. आठ-नऊ पंप मारून दुपारी घरी आलो, सदऱ्याच्या बाह्या औषधाने दंडापर्यंत ओल्या. हौदावर हात धुतले. घाईत धुतले. बैठकीत पाऊल टाकलं आणि कळलं की गुणगुण बंद आहे.

मला वाटलं, आता सगळं मरणार. दादा संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. मी बाही वर केली, हात घातला, मोटार ओढून काढली. तिच्या पात्यात शेवाळ अडकलं होतं. ते काढून पुन्हा बसवली. गुणगुण सुरू झाली. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

थोड्या वेळाने झिंगा खडकाखालून बाहेर आला आणि वेड्यासारखा धावायला लागला. काचेवर आपटला, उडाला, पाठीवर पडला. पाय चालूच होते. मग गोगलगायी एकेक करून काचेवरून सुटून खाली पडल्या. बटणं मिटली. मी नुसता उभा होतो. बायको आली. तिने टाकीकडे पाहिलं, मग माझ्या बाहीकडे पाहिलं.

"तुमी हात घातला व्हता?"

मी बाही खाली ओढली.

संध्याकाळी दादा आला. हातात मशीनचा खोका नव्हता. "उपयोग न्हाई म्हणाले. नसच गेली," असं म्हणत तो बैठकीत आला आणि टाकीपुढे थांबला. मग माझ्याकडे वळला.

"कोणी हात घातला व्हता काय?"

मी मान हलवली. नाही. बहिऱ्या माणसाशी खोटं बोलायला तेवढंच पुरतं.

त्याने ड्रममध्ये ठेवलेलं सगळं पाणी वापरून टाकीतलं अर्धं पाणी बदललं. पाणी शुद्ध करणाऱ्या कोळशाच्या पिशव्या लावल्या. दोन्ही मासे वाचले. बाकी काही वाचलं नाही. प्रवाळं आकसली, मग वितळायला लागली, तपकिरी दोरे सुटले, आणि बैठकीत कुजका वास भरला. तो चिमट्याने एकेक तुकडा काढून वाटीत ठेवायचा. कारण शोधायला त्याने सगळे नळ, सगळ्या जोडण्या उघडल्या. थंड करायच्या मशीनजवळ त्याला पितळेची एक बारीक क्लिप सापडली. ती त्यानेच लावली होती. पितळेत तांबं असतं, तांब्याने झिंगे मरतात, ती क्लिप खाऱ्या हवेत झिजून पाण्यात उतरली असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

"माझ्याच हातून झालं," तो आईला म्हणाला. "मला काहीच जमत न्हाई."

मी तिथेच बसलो होतो. वह्या तपासत होतो.

त्यानंतर तो कमी जेवायला लागला. ओसरीवर बसणंही सोडलं, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बायको रोज म्हणायची, "सांगून टाका. ते सोताला खाऊन राहिले." मी म्हणायचो, सांगतो. पोळा गेला, गणपती गेले.

शेवटी मी त्याला शेतात नेलं. घरात सांगितलं असतं तर आईने ऐकलं असतं, शेजाऱ्यांनी ऐकलं असतं. त्याला काही हळू सांगायची सोयच नव्हती. सोयाबीन पिवळं पडलं होतं. बांधावर उभं राहून मी ओरडलो, "दादा, त्या दिवशी मीच हात घातला व्हता!"

"काय?"

शेजारच्या रानात बाया कापणी करत होत्या. त्यांनी माना वर केल्या.

"टाकीत! मी हात घातला! फवारून आल्यावर! तुझी क्लिप न्हवती ती!"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "कोणतं औषध?"

मी नाव सांगितलं. ते नाव दोनदा ओरडावं लागलं.

"काहून घातला?"

"मोटार बंद पडली व्हती."

"ती एक बंद पडली तर काय व्हतं? दुसरी चालू व्हती ना. संध्याकाळपर्यंत कायबी झालं नसतं." मग त्याने विचारलं, "अन् इतके दिवस?"

मी माफ कर म्हणालो, पण ते ओरडून म्हणता आलं नाही, आणि हळू म्हटलेलं त्याला ऐकू गेलं नाही. तो बांधाने घराकडे चालू लागला. बाया पुन्हा कापणीला लागल्या.

तो मला कधी रागावला नाही. जेवायला बसला की ताट पुढे करायचा, मी वाढलं की खायचा. दिवाळीआधी त्याने दोन्ही मासे नांदेडच्या एका प्राध्यापकांना देऊन टाकले. टाकीतलं पाणी तो रानात सोडू देईना, नालीतही नाही. जमीन नासते म्हणाला. आम्ही ड्रम भरून टेम्पोने गावाबाहेरच्या मुरमाच्या जुन्या खदानीत नेऊन ओतले. चार खेपा झाल्या. ड्रमाचा एक कान त्याच्या हातात, एक माझ्या. चारही खेपांत आम्ही 'उचल' आणि 'ठेव' एवढंच बोललो.

थंडीत तो गेला. रत्नागिरीकडच्या एका बंदरावर मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं काम त्याला मिळालं. आई म्हणाली, "पुन्हा काहून जाऊन राहिला रे?" तो म्हणाला, "काम लागलं."

गेल्या वर्षी आईला घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो दाढी वाढलेला, बारीक झालेला. त्याने आईचा हात धरून तिला वाळूवरून पाण्यापर्यंत नेलं. तिने पाय भिजवले, लाट आली तशी लुगडं वर धरून मागे सरली, आणि तो तिच्यापाठी उभा राहिला. मी चपला सांभाळत लांब बसलो होतो. रात्री एका खोलीत तिघं झोपलो. सकाळी त्याने आम्हाला गाडीत बसवून दिलं आणि गाडी सुटायच्या आतच वळून गेला, कामाला उशीर होत होता.

घाट चढताना आई म्हणाली, "तो काही आता यायचा न्हाई." मग तिने डबा उघडला. त्याने पहाटे उठून भाकरी केल्या होत्या, आमच्यासारख्याच, ज्वारीच्या. ती म्हणाली, खा. मी खाल्ली.