बाबांच्या ताटातलं ‘चांगलं’ मीठ

आत्ताच चंद्रपूरच्या दवाखान्यातून सावलीला, घरी परतले. खूप दमले आहे, तरी लिहिते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

चार दिवसांपासून बाबांचे पाय गळाले होते. आज रक्त तपासलं, तर पोटॅशियम धोकादायक वाढलेलं. लगेच भरती केलं, छातीला तारा लावल्या.

डॉक्टरांनी औषधं विचारली. मी सगळ्या गोळ्यांची, वेळांसकट लिहिलेली यादी पुढे केली. ती वाचून ते म्हणाले, “मीठ कोणतं खातात?”

कमी सोडियमचं मीठ मीच आणलं होतं, बीपीला चांगलं म्हणून, कुणाला न विचारता. त्यात पोटॅशियम असतं, आणि बाबांची बीपीची गोळी ते शरीरातून बाहेर पडू देत नाही.

बाबा म्हणाले, “खारट लागत नाई जी ते. म्हणून म्या मासोळीच्या रश्श्यात दुप्पट टाकत होतो. पोरगी म्हणे, चांगलं हाय.”

यादीत मीठ लिहावं, हे मला सुचलंच नव्हतं. तुमच्या घरी असं मीठ असेल, तर डॉक्टरांना सांगितलंय का?

मी निघताना बाबा त्यांच्याजवळ थांबलेल्या माझ्या धाकट्या भावाला म्हणाले, “तिले काई बोलू नको.” तो काहीच बोलला नाही. बोलला असता, तर बरं वाटलं असतं.