शेवटचं पान काउंटरवर

"भुताचं पायजे का दुसरं काय?" स्टँडमागच्या सीडीवाल्यानं मला विचारलं आणि दुकानातले चार बाप्ये एकदम माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "भुताचं. आणि सुपरहिरोचं. कॉमिक्सच्या डीव्हीडीचं विचारतेय मी, कान साफ करून घ्या." माझं तोंड पहिल्यापासनं असंच आहे. त्यात त्या दिवसांत मी येईल त्याच्यावर खेकसत होते, कारण हातात वेळ नव्हता.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शुगर. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर लेसर मारून बघितलं होतं. मग मला एकटीला आत बोलावून सांगितलं की उरलेली नजर फार तर दोन-तीन महिने टिकेल, काय बघायचं-वाचायचं असेल ते आत्ताच उरकून घ्या. कागदावरची अक्षरं त्यांना आधीच लागेनाशी झाली होती. कॉम्प्युटरवर मात्र चित्र हवं तेवढं मोठं करता येतं. मी शाहूपुरीत डीटीपीचं काम करायची, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फलक, असलं सगळं, आणि घरी माझा एक जुना कॉम्प्युटर होता. मिरजेहून येताना बसमध्ये मी आप्पांना विचारलं, "कुठं जायचंय का तुम्हाला? कन्याकुमारी, काशी, काय असंल ते सांगा. मी रजा काढते."

आप्पांनी खिडकीची काच सरकवली. मग म्हणाले, "त्या घाटातल्या ड्रायव्हरचं पुढं काय झालं, तेवढं बघायचं हाय."

हसावं का रडावं मला कळेना. कारण ते त्यांना बघायला मिळालं नव्हतं, ते माझ्यामुळं.

आप्पा उद्यमनगरात लेथवर होते. लोखंडाचा तुकडा हातात घेतला की एका सुताचा फरक नुसत्या नजरेनं सांगायचे. शाळा चौथीपर्यंत, आणि हिंदी वाचायला शिकले ते कॉमिक्सवर. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या मंगळवार पेठेत एक कॉमिक्स लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे जिन्याखालची जागा, एक काउंटर आणि दोरीला चिमट्यांनी लावलेली पुस्तकं. मालक एक नंबरचा संशयी. भाड्यानं नेलेली पुस्तकं लोक परत आणत नाहीत म्हणून त्यानं एक रीत काढली होती. प्रत्येक भयकथेचं शेवटचं पान तो ब्लेडनं कापून खणात ठेवायचा. पुस्तक परत आणा, मग तिथंच काउंटरपाशी उभं राहून शेवटचं पान वाचा आणि घरी जा. सुपरहिरोच्या पुस्तकांना तो हात लावायचा नाही. हिरो जिंकणार हे सगळ्यांना ठाऊकच असतं, ते पान कापून उपयोग काय, असं त्याचं म्हणणं.

यातनं गिऱ्हाइकांचीही एक रीत पडली होती. काउंटरवर शेवटचं पान वाचणाऱ्याच्या खांद्यावरनं डोकवायचं नाही आणि वाचलेलं कुणाला सांगायचं नाही. सांगणाऱ्याला पेठेत तोंड दाखवायची सोय राहायची नाही. मी आणि आप्पा एकच पुस्तक घरी न्यायचो, पण शेवटचं पान नंबरानं वाचायचो. आधी ते, मग मी. त्यांचं होईपर्यंत मी रस्त्याकडं तोंड करून उभी राहायची.

घाटातल्या ड्रायव्हरची गोष्ट सात भागांची होती. त्याच्या बसमध्ये शेवटच्या फेरीला एका ठरावीक वळणावर एक प्रवासी चढायचा, रीतसर तिकीट काढायचा आणि घाट उतरायच्या आत नाहीसा व्हायचा. तो कोण, हे सातव्या भागात कळणार होतं. सातवा भाग आम्ही वाचला आणि तो परत द्यायला मी आधी एकटीच गेले. आप्पा कामावरनं सुटून तिकडंच येणार होते. मालकानं पुस्तक चाळलं आणि म्हणाला, मधलं एक पान फाटलंय, दंड भर. मी म्हटलं, देतानाच फाटकं होतं. शब्दानं शब्द वाढला. शेवटी मी ते पुस्तक त्याच्या अंगावर भिरकावलं आणि "घाल तुझं पान चुलीत" म्हणून निघून आले. पंधरा वर्षांची होते मी. त्यानं आमचं नाव वहीतनं खोडलं, आणि पुढं काही महिन्यांत दुकान आवरून मुरगूडकडं त्याच्या गावी निघून गेला.

आप्पा त्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "बरं केलंस. लई माजल्ता त्यो." मी ते खरं धरून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि काढला तो त्या बसमध्ये.

म्हणून मी स्टँडमागं उभी होते. 'तीनशे कॉमिक्स, हॉरर आणि सुपरहिरो, अर्ध्या किमतीत' असं त्या डीव्हीडीवर छापलं होतं. घरी लावून बघितलं तर फायली तीनशे, पण पुस्तकं जेमतेम ऐंशी. एकच पुस्तक पाच-पाच नावांनी घातलेलं. तरी त्यात घाटातल्या ड्रायव्हरचे सातही भाग निघाले. आप्पा खुर्ची ओढून पुढ्यात बसले. एकेक पान मोठं करत आम्ही पुढं सरकलो. एकतीस पानं झाली. पुढची फाईल कुठल्यातरी भलत्याच पुस्तकाची. मागं जाऊन नीट बघितलं तर एकतिसाव्या पानाच्या कडेला ब्लेडनं कापलेली सरळ रेघ. ज्यानं कुणी ही पुस्तकं स्कॅन केली होती, त्यानं लायब्ररीचीच रद्दी उचलली होती. आमच्याच मालकाची का त्याचं बघून शहाण्या झालेल्या दुसऱ्या कुणाची, देव जाणे. डिस्कमधल्या एकाही भुताला शेवट नव्हता.

"शोध आणि," आप्पा म्हणाले. "घाई न्हाय."

घाई नाही कशी? मी सीडीवाल्याशी जाऊन भांडले. तो म्हणाला, "ताई, फायली तीनशेच हायत का न्हाय? मग?"

मग मी शहाणी झाले. डिस्कवर आकडा जेवढा मोठा, तेवढा आत कचरा जास्त, हे कळलं. दुकानात चालवून दाखवल्याशिवाय घ्यायची नाही असं ठरवलं. सुपरहिरोचं पुस्तक असेल तर मधलं पान उघडायचं आणि शिवणीकडची अक्षरं गिळलीत का ते बघायचं. भुताचं असेल तर पानांची संख्या मोजायची. एका दुकानदारानं मला विचारलं, "अक्का, डिस्क घ्यायला आलाय का पोरगी बघायला?" राजारामपुरी झाली, गांधीनगर झालं, एका रविवारी इचलकरंजीपर्यंत जाऊन आले. निम्म्या वेळा दुकानात पोचावं तर लाईट गेलेली. तेव्हा भारनियमनानं जीव नकोसा केला होता. सहा डिस्क घेतल्या, सुपरहिरो ढीगभर जमले, काही तर खरोखर झकास होते, पण तो सातवा भाग सगळीकडं एकतीसच पानांचा. सगळ्यांनी एकमेकांचंच उतरवून घेतलेलं.

इकडं घरात अक्षर वाढत चाललं होतं. पहिल्यांदा आप्पांना बोटाएवढं अक्षर लागायचं, मग तळहाताएवढं. पुढं पुढं एकेक शब्द सगळा पडदा व्यापायला लागला. "दिसतंय का?" विचारलं की, "दिसतंय की, न दिसायला काय झालं?" एकदा त्यांनी चहा बशीच्या बाहेर ओतला आणि मी ओरडले. तर म्हणे बशीच बारकी आहे. मी बशी बदलली. मला तेच खरं मानायचं होतं.

दीडेक महिन्यानं एका पत्रिकेच्या गिऱ्हाइकाकडनं कळलं की उचगावात एक सायबर कॅफे बंद होतोय आणि त्या माणसाकडं प्रकाशकाची मूळ डिस्क आहे, विकत घेतलेली, पावतीसकट. जेवणाच्या सुट्टीत मी गाडीला किक मारली. दोनला तिथली लाईट जाणार होती. पोचले तेव्हा दोनला दहा कमी. त्या माणसाचा कॉम्प्युटर असा काही रेंगाळत चालू होत होता की त्याला धरून हलवावं असं मला वाटलं. एकदाची यादी उघडली. सातवा भाग, पानं बत्तीस. मी परत मोजली. बत्तीस. कोपऱ्यात बारक्या चित्रांची रांग येऊ लागली तशी मी पडद्यावर हात ठेवला. तेवढ्यात लाईट गेली.

"शेवटचं पान बगितलं न्हाईसा की?" तो म्हणाला. "नंतर म्हणशीला फसवलं."

"माझा नंबर दुसरा हाय," मी म्हटलं. तो अर्ध्या किमतीला देत होता. मी घासाघीस केली नाही.

संध्याकाळी लाईट आल्यावर आप्पांना खुर्चीत बसवलं. एकतीस पानं आम्ही आधीच वाचली होती, म्हणून थेट बत्तिसावं उघडलं. नजर की-बोर्डवर ठेवूनच ते मोठं केलं आणि उठून दाराकडं तोंड करून उभी राहिले. मागं काहीच आवाज नाही. रस्त्यावरनं एक भाजीवाला ओरडत गेला, तोही लांब गेला. आप्पांना एका पानाला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"व्हय," ते शेवटी म्हणाले. "त्यो त्येचा थोरला भाऊ हाय बघ. ल्हानपणी घरातनं निघून गेल्याला. ड्रायव्हरनं ओळखला, गाडी घराकडं वळिवली. आई ताट वाढून बसलीया. जेवला आणि सुटला बिचारा." मग हळूच म्हणाले, "लई चांगला शेवट हाय. थांबल्याचं चीज झालं. तू तवा भांडलीस, त्येचं काय वाईट वाटून घिऊ नकोस."

पेठेची रीत मोडून त्यांनी मला शेवट सांगितला, याचं मला नवल वाटलं. पण आनंदच एवढा झाला होता की मी हसतच वळले. माझा नंबर आला होता.

पान बारकं करून अख्खं पडद्यावर आणलं. पानावर भाऊ नव्हता. आई नव्हती, ताट नव्हतं, घरही नव्हतं. पानभर एकच चित्र होतं. बस वळणावर थांबलेली, स्टिअरिंगवर तो प्रवासी बसलेला, आणि खाली रस्त्याच्या कडेला हातात तिकीट घेऊन ड्रायव्हर उभा. अक्षर एकही नव्हतं.

आप्पा पडद्याकडं तोंड करून बसले होते. त्यांना काहीच दिसत नव्हतं. किती दिवसांपासनं दिसत नव्हतं, ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. मिरजेत मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"असंच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "भाऊच निघाला."

"मग? आता दुसरं लाव एखादं. मारामारीचं."

मी सुपरहिरोचं एक पुस्तक लावलं. पान मोठं करायला गेले आणि हात थांबला. मग ते तसंच ठेवून मी मोठ्यानं वाचायला लागले. नुसती अक्षरं नाही, चित्रंही. हिरो गच्चीवर उभा हाय, खाली धूर हाय, एक बाई ओरडतीया.

"मी काय आंधळा हाय व्हय गं?" आप्पा म्हणाले.

मी गप्प झाले. पंखा फिरत होता. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"थांबलीस का? वाच की."