उसाचं कांडं आणि माझं पत्रक

आधीच सांगून टाकतो, कुत्रा जिवंत आहे. मी हे लिहितोय आणि तो चुलत्यांच्या खाटेखाली पसरलाय. उन्हाळा तोंडावर आल्यामुळे त्याचे केस झडतायत आणि घरातली एकही सतरंजी त्यातून सुटलेली नाही. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत टांगून ठेवणं मला जमत नाही. माझा हात पत्रकं लिहून तयार झालाय, आणि पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत असतो.

चुलते फौजेतून सुभेदार होऊन गावी परतले. साताऱ्याला घर बांधून राहिलेल्या त्यांच्या जुन्या साहेबांनी त्यांना एक पिल्लू दिलं. अल्सेशियन. चुलत्यांनी ते खोक्यात घालून, मांडीवर घेऊन, दोन एसट्या बदलून शिराळा तालुक्यातल्या आमच्या गावात आणलं. वर्षभरात त्याचे कान उभे राहिले, थोबाड लांबलं, पाठ करडी-काळी झाली आणि शेपटी खाली लोंबायला लागली. चुलत्यांनी त्याला चांगलं नाव ठेवलं होतं, पण गावाने ते कधी तोंडात घेतलं नाही. गाव त्याला लांडगाच म्हणे.

पहिल्यांदा ते म्हणाला एक म्हातारा धनगर. पूर्वेकडच्या कोरड्या भागातून हे लोक हिवाळ्यात मेंढरं घेऊन आमच्याकडे येतात आणि खतासाठी आमच्या मोकळ्या रानात कळप बसवतात. म्हाताऱ्याच्या स्वतःच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे, लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. आमचा कुत्रा बघून त्याने काठी आडवी धरली.

"सुभेदार, ह्यो कुत्रा न्हवं. असल्यानंच माझी कोकरी नेली."

"आवं बाबा, जात हाय ती. विलायती."

"लांडग्याला काय कळतंय, आपुन विलायती हाय का देशी?"

आता मला जे बोलायचंय ते बोलून घेतो. ही जात रुबाबासाठी आणून साखळीला बांधणाऱ्या माणसांची मला मनापासून चीड आहे. तासगावला एका व्यापाऱ्याच्या दारात असा एक कुत्रा मी पाहिला. दिवसभर उन्हात बांधलेला. का, तर बांधला की कडक होतो म्हणे! कडक होत नाही, वेडा होतो. हे जनावर कामाचं आहे. त्याला रोज दोन-तीन मैल चालवा, काहीतरी शिकवा, शोधायला लावा. मग ते घरात गाईसारखं राहतं. परक्याला ते लगेच जवळ करत नाही, आणि जीव लावतं ते एकाच माणसाला. आमच्याकडे तो माणूस म्हणजे चुलते. मी सांगलीच्या कॉलेजातून शनिवारी यायचो, मला फक्त हुंगून सोडून द्यायचा.

भाकरी-दूध घातलं की त्याचं पोट बिघडायचं. मेंढरं रानात बसली की कानात गोचिडं भरायची. चुलती चिमट्याने एकेक काढायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची. उन्हाळ्यात चुलते ओलं पोतं अंथरायचे. न्हाव्याकडून सगळे केस कापून घ्या, असा सल्ला अर्ध्या गावाने दिला. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरने मात्र बजावलं, कापू नका, ते केसच त्याला ऊन लागू देत नाहीत. पिल्लू असताना चुलते त्याला फौजी पद्धतीने भिंतीवरून उड्या मारायला लावत. डॉक्टरने तेही थांबवलं. या जातीचे मागचे सांधे कच्चे असतात. चुलत्यांनी ऐकलं. सुभेदार माणूस, पण हुकूम योग्य जागेवरून आला की ऐकतो.

आणि मी? मी पत्रक काढलं.

त्याला कारण होतं. पलीकडच्या गावातल्या एका बाईला पिसाळलेला कुत्रा चावला. घरच्यांनी तिला मंत्र घालणाऱ्याकडे नेलं, मुळी बांधली, आणि बाई गेली. तिचं लहान मूल मी पाहिलं होतं. त्या रागात मी सांगलीला एका छापखान्यात बसून एका बैठकीत पत्रक लिहिलं. इंजेक्शनं घ्या, मुळ्या बांधणाऱ्याला हाकला. इथपर्यंत त्यातला शब्द न् शब्द आजही खरा आहे. पण खाली मी ठळक अक्षरात छपाईचे खिळे जुळवून घेतले: "जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. असा कुत्रा दिसताच ठार करा. दयामाया दाखवू नका." आमच्या गावात घरटी एक पत्रक मी स्वतः वाटलं. आमच्या कुत्र्याला तालुक्याला नेऊन लसही टोचून आणली. आपण बोलतो तसं वागतो, हे दिसायला नको का?

त्या शनिवारी गुऱ्हाळावर बसलो होतो. चुलते गुळाच्या काहिलीपाशी, कुत्रा त्यांच्या पायाशी. कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, लांडग्याला आवरा, बैलं बुजत्यात." मला राग आला. रागात मी नेहमी पुरावा मांडतो. कोयत्याने ऊस सोलला, कांडी पाडली, उभी चिरली, आणि एकेक तुकडा त्याच्याकडे टाकत गेलो. तो हवेत पकडायचा, कराकरा चावायचा, रस प्यायचा.

"बघा! लांडगा ऊस खातो काय?"

लोक हसले. "ह्यो लांडगा कारखान्याचा सभासद हाय, गड्या!" सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. वाद जिंकला होता ना.

रविवारी सकाळी कुत्र्याचा जबडा लोंबत होता. तोंड मिटेना. लाळेच्या तारा छातीवर. समोर पाण्याची बादली. तो तोंड घालायचा, पाणी बाहेर सांडायचं, मागे सरायचा. आवाजही बदललेला. चुलते त्याच्यासमोर उकिडवे बसलेले, हात ओले. मी दारातच थांबलो. एकेक लक्षण मला तोंडपाठ होतं. मीच लिहिलं होतं.

अर्ध्या तासात पोलीसपाटील आले, हातात चार घड्या घातलेला कागद. मी घडीवरून ओळखला.

"सुभेदार, वाईट वाटतं. पर तुमच्याच पुतण्यानं लिवलंय. वाचू का?"

"नगा वाचू," चुलते म्हणाले.

"दयामाया दाखवू नका, असं हाय बघा."

"लस टोचलीय त्याला," मी म्हणालो.

"मग ह्यात तसं का न्हाई लिवलं? लस टोचलेला सोडून बाकीचं मारा, असं कुटं हाय?" त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "उद्या कुणाला चावला म्हंजे? तूच सांग की रं. तुजंच वाचून आमी शानं झालो."

सभेत माइक हिसकावून घेणारा मी, अंगणात उभा राहून आपल्याच अक्षरांकडे बघत होतो.

चुलते उठले, घरात गेले, बंदूक घेऊन आले आणि ओट्यावर बसले. दोन काडतुसं बाजूला ठेवली. कुत्रा साखळी फरफटत त्यांच्याकडे निघाला, तशी ती चुलतीने खांबाला बांधली.

"दुसऱ्या कुनी मारायचं न्हाई," चुलते पाटलांना म्हणाले. "दुपारची एस्टी येस्तवर थांबा. मग म्या बघतो."

कुंपणापलीकडे तो म्हातारा धनगर येऊन उभा होता, काठीवर हनुवटी टेकून. मला वाटलं, हा आता म्हणणार, बघा, मी बोललो नव्हतो? पण तो कुत्र्याकडे बघत होता.

"पोरा, त्यो पंजा कशाला मारतोय रं तोंडावर?"

मी पाहिलं. कुत्रा पुढच्या पायाने थोबाड खरवडत होता. मग डोकं जमिनीला घासायचा. मग पुन्हा पंजा.

"पिसाळलेली माझ्यात चार झाली," म्हातारा म्हणाला. "त्यातलं एकबी असं तोंड खाजवत न्हवतं. आन् पान्याकडंबी ह्यो धावतोय. आत काय तरी हाय त्येच्या. पर हात घालू नगंस हां, माजं चुकलं तर मरशील. डाक्टरला आन."

"तुम्हीच तर लांडगा म्हणालात त्याला."

"लांडग्याचं तोंड दुखत न्हाई व्हय?"

मी सायकल काढली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते; दोन गावं पलीकडे बैलांना लाळ-खुरकुताची लस टोचायला गेले होते. तिथवर चढ आहे. मी तो बसूनच मारला, उतरलो नाही. डॉक्टरांनी माझं बोलणं निम्म्यावर तोडलं.

"काल काय खाल्लं त्याने?"

"नेहमीचंच," मी म्हणालो. मग आठवलं. "आणि ऊस."

"ऊस? कुणी घातला?"

"मी."

डॉक्टरांनी मोटारसायकलला लाथ मारली. मागे बसून येताना मी एसटीच्या रस्त्याकडे बघत होतो. धुळीचा लोट दिसला की डॉक्टरांना म्हणायचो, जोरात घ्या.

आम्ही पोचलो तेव्हा एसटी फाट्यावर येऊन गेली होती. बंदूक चुलत्यांच्या मांडीवर होती, पण काडतुसं अजून ओट्यावरच. पाटील म्हणत होते, "सुभेदार, वेळ झाली." आणि चुलते म्हणत होते, "एस्टीच आज लवकर आली." आयुष्यभर घड्याळावर चाललेला माणूस! मला पहिल्यांदाच त्यांच्या बेशिस्तीचा अभिमान वाटला.

डॉक्टरांनी आधी चुलत्यांचे हात उलटसुलट करून बघितले. कुठे चीर, ओरखडा नव्हता. "तोंडात घातला होता?" "पानी पाजाय गेलतो." "लस टोचलेला कुत्रा असला तरी असं पुन्हा करायचं नाही, सुभेदार." साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग स्वतः रबरी मोजे चढवले. कासऱ्याने कुत्र्याचे पाय बांधले. चुलत्यांना डोक्यामागून पट्टा धरायला सांगितला आणि दातांत आडवं लाकूड बसवलं. मला बॅटरी धरायला लावली. उजेड नाकावर पडत होता, डॉक्टर ओरडले, "सरळ धर!"

आणि दिसलं. टाळूला आडवं, या दाढेपासून त्या दाढेपर्यंत पाचरीसारखं ठोकून बसलेलं. उभं चिरलेलं उसाचं कांडं. माझ्या कोयत्याचा काप त्यावर स्पष्ट होता. चावता चावता ते बसलं असणार आणि लाळेने फुगलं असणार.

डॉक्टरांनी लांब चिमट्याने ते हलवलं, एकदा, दोनदा, आणि ओढून काढलं. टाळूवर लाल वळ, वासही सुटलेला. लाकूड काढलं, कासरा सोडला. जबडा हळूहळू मिटला. कुत्र्याने दोनदा तोंड उघडझाप करून बघितलं, जणू दुसऱ्याचं तोंड मिळालंय. मग तो बादलीकडे गेला.

तो आवाज मी विसरणार नाही. चपचप, चपचप, बादलीचा तळ लागेपर्यंत. पाटील, म्हातारा, चुलती, सगळे उभे राहून एका कुत्र्याचं पाणी पिणं ऐकत होते. चुलते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फौजेतला माणूस, त्याला वाटतं पाठ वळवली की कुणाला कळत नाही.

"दहा दिवस बांधून ठेवा, लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले. "मला खात्री आहे, पण खात्री म्हणजे दहा दिवस." चुलत्यांनी ते दहाही दिवस अंगणात खाट टाकून काढले. मीही कॉलेज बुडवलं. रोज सकाळी उठलो की आधी त्याचा जबडा बघायचो. अकराव्या दिवशी त्याला मोकळा सोडला, तर तो थेट कुंपणापलीकडे मेंढरांत गेला. म्हाताऱ्याची खिळेवाली कुत्री गुरगुरली. म्हाताऱ्याने त्यांनाच दामटलं. "गप ऱ्हावा! लांडगा हाय, पर वळखीचा हाय."

माझ्याकडे उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. जाळावा असं एकदा वाटलं, पण इंजेक्शनांचं लिहिलेलं जाळायचं कशाला? बसलो, आणि "असा कुत्रा दिसताच ठार करा. दयामाया दाखवू नका" हे प्रत्येकावर शाईने खोडलं. त्याच्या जागी हाताने लिहिलं: "कुत्रा दुरूनच कोंडा. जवळ जाऊ नका, तोंडात हात घालू नका. तो पंजाने तोंड खाजवतो का, हे दुरून बघा आणि डॉक्टरला आणा." मग गावात घरोघर जाऊन जुनी पत्रकं परत मागितली. लोक हसत होते, हसू देत.

शेवटचं पोलीसपाटलांकडे होतं. त्यांनी टोपीतून काढून दिलं, घड्या तशाच. मी बदललेलं पत्रक त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"बरं केलंस. पर एक ओळ ऱ्हायली की रं."

"कुठली?"

"कुत्र्याला ऊस घालू नये, ही."

मी पेन काढलं आणि तिथेच त्यांच्या ओट्यावर बसून ती ओळ लिहिली.