बारवेतली उडी

सुट्ट्यांच्या दिवसांत टीव्हीवर एक सिनेमा हमखास लागतो. त्यात बॉयकट केलेली, हाफ पँट घातलेली एक नाठाळ पोरगी आहे. ती आजोबांच्या गावी येते, कुणाचं ऐकत नाही, मूर्तिचोरांच्या मागं लागते आणि पळता पळता जुन्या दगडी बारवेत उडी घेते. सहकुटुंब बघावा असा सिनेमा, असं तेव्हा पेपरात आलं होतं. आमच्या कुटुंबानं तो सहकुटुंब कधीच बघितला नाही. त्यातली उडी माझी आहे.

आम्ही गावात नाही, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहायचो. विहीर दारात. आमच्या वडलांनी, अण्णांनी, मला आणि अक्काला पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवलं. गावातल्या बायका नाकं मुरडायच्या. अण्णा म्हणायचे, "विहिरीवर राहायचं अन् पवता येऊ न्हाई, म्हंजे चुलीपाशी बसून उपाशी मरायचं." अक्का मोठी झाल्यावर तिचं पोहणं मायनं बंद केलं. माझंही होणारच होतं, पण तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि माय थोडी कंटाळलीही होती.

सिनेमावाल्यांचं काम चारठाण्याकडं, जुन्या देवळांपाशी चाललं होतं. त्यांची मुख्य पोरगी मुंबईची. ती पाण्याला इतकी भ्यायची की नाकाला चाप लावूनही पायरी उतरेना. पोहणारी पोरगी शोधत त्यांची जीप आमच्या रस्त्यानं आली, तेव्हा मी विहिरीच्या काठावरून उड्या मारत होते. ते उतरले आणि अण्णांशी बोलायला लागले.

माय त्या वेळी मामाकडं गेली होती, मामीच्या बाळंतपणाला. अण्णा डोकं खाजवत उभे. अक्काचा साखरपुडा नुकताच झाला होता. मुलगा गंगाखेडकडचा, साखर कारखान्यावर कामाला. तो अण्णांच्या मोबाइलवर फोन करायचा आणि अक्का कडब्याच्या गंजीआड जाऊन बोलायची. येताना तिचे गाल तापलेले असायचे. अण्णांची चलबिचल बघून तीच बोलली, "जाऊ द्या की अण्णा. मी तर आता दुसऱ्याच्या घरी चालले. हिला तर बघू द्या काय बघायचं ते."

शूटिंगच्या जागी आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आधी त्यांनी मला बॉयकट केसांचा टोप घातला. तो पहिल्याच बुडीत निघून पाण्यावर तरंगायला लागला. मग एक बाई कात्री घेऊन आली. तिनं अण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात त्यांचा मुख्य माणूस म्हणाला, "वाघीण आहे तुमची मुलगी." झालं. अण्णांची छाती फुगली आणि माझी कमरेपर्यंतची वेणी गेली.

त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा उडी मारून घेतली. खोटं कशाला बोलू, तितका आनंद मला पुढं कशातच झाला नाही. ती मुंबईची पोरगी छत्रीखाली बसून टाळ्या वाजवत होती. तिचाही मला राग नाही. तिला पाण्याचं भय होतं आणि तिच्या आईनं ते समजून घेतलं होतं.

दोन दिवसांनी माय परत आली. माझ्या डोक्याकडं बघितलं आणि पिशवीसकट ओट्यावर बसली. अण्णा सांगत होते त्यातलं तिनं अर्धंही ऐकलं नसावं. तिच्या डोक्यात एकच, साखरपुडा झालेली पोर घरात आहे. सिनेमाचं नाव निघालं की सोयरीक गेली. तेवढ्यात शेजारच्या आखाड्यावरची काकू ताक मागायला आली आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"काय वं, लेकराचे केस कुठं गेले?"

"पोखर्णीच्या नरसिंहाला बोलले होते," माय म्हणाली. "लय ताप आलता. डोक्यात गेलता ताप."

काकू म्हणाली, "देवाला कानापस्तोर ठिवून देतेत व्हय केस?"

बाई खरं तेच बोलली होती. नवसाचे केस द्यायचे तर सगळे द्यावे लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मायनं मला पोखर्णीला नेलं आणि माझं डोकं सफाचट भादरून आणलं. देवापुढं ती बराच वेळ हात जोडून उभी होती. काय म्हणाली तिलाच ठाऊक. परतीच्या एसटीत तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "कुणी इचारलं तर ताप आलता म्हणायचं. दुसरं काही बोलायचं न्हाई." एक खोटं झाकायला तिनं देवाला साक्षीला घेतलं होतं. आमच्याकडं देवाला असली कामं लय करावी लागतात.

पण माणूस केस कशासाठी बोलतो, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाच नव्हता. साध्या तापाला कुणी पोरीची वेणी बोलत नाही. गावानं आपला हिशेब केला. डोक्यात ताप, डोक्यावर केस नाहीत, आणि एरवी सांडासारखी हुंदडणारी पोर मायनं घरात बसवलेली. म्हणजे फेफरं. आणि फेफरं रक्तातून येतं, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत.

मग अक्काच्या होणाऱ्या नवऱ्याची आत्या आमच्याकडं आली. सहज आले म्हणाली. चहा पिताना तिची नजर माझ्यावरून हलेना. बशी खाली ठेवत तिनं मायला अगदी मायेनं विचारलं, "आलं की मग चप्पल हुंगवता का कांदा?"

"तसलं काही न्हाई ओ," माय म्हणाली. पण तिचा चेहरा असा पडला की मलाही क्षणभर वाटलं, आपल्याला काहीतरी आहेच.

आठवडाभरात मध्यस्थाकरवी नकार आला. थोरलीला आज नाही, उद्या निघालं तर, असा निरोप. अण्णा उठले, पायात चपला सारल्या आणि गंगाखेडच्या वाटेला लागले. मायनं हात धरला तो त्यांनी झटकला. खरं सांगितलं की सगळं सुरळीत होईल, अशी त्या भल्या माणसाची समजूत होती. तिथं त्यांनी सगळं सांगितलं. बारव, टोप, कात्री, उडी. मुलाच्या चुलत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरगी पिक्चरमधी, तेबी हाफ पँटवर, धा गड्यांपुढं. पाव्हणं, त्यापरीस फेफरं परवडलं."

आगीतून फुफाट्यात. अण्णा परत आले, ते माणसांत कमीच बोलायला लागले.

त्या मुलाचा फोन पुन्हा आला नाही. अक्का मोबाइल चार्जिंगला लावायच्या निमित्तानं सारखी खोलीत जायची आणि तशीच बाहेर यायची. एकदा मी तिला विचारलं, "अक्का, मी जाऊन सांगू का त्यायला? पवून दावते." ती हसली आणि माझ्या खुंट वाढलेल्या डोक्यावरून हात फिरवला. ती मला कधी बोलली नाही. बोलली असती तर मला जगायला सोपं गेलं असतं.

मायवर माझा राग होता, अजून आहे. पण ती खोटं का बोलली तेही मला कळतं आणि त्याचाच जास्त राग येतो. पोरीनं पाण्यात उडी मारली, एवढं साधं वाक्य तिला गावात बोलता येत नव्हतं.

अक्काला पुढच्या वर्षी लांब दिलं, जिथं आमच्या ओळखीचं कुत्रं नव्हतं. नवरा वयानं बराच मोठा, पहिली बायको वारलेली, तोंडानं फटकळ आणि हातानंही. सासरी काहीच सांगितलं नव्हतं. ना ताप, ना सिनेमा. लग्नात मायनं मला बजावलं, डोक्यावरची ओढणी सोडायची नाही. केस तोवर कसेबसे मानेपर्यंत आले होते.

यंदा मे महिन्यात मी अक्काकडं गेले होते. मी आता नोकरी करते, एकटी राहते, मला कुणी विचारत नाही. दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. अक्काची पोरगी टीव्हीला नाक लावून बसली होती. अक्काची सासू खाटेवर पडून बघत होती. मी उठावं म्हणत होते, पण उठले नाही. पोरगी पायऱ्यांवरून पळत आली, पाठमोरी, हात पसरून उडाली. पाठ माझी, टाचा माझ्या. पाण्यातून वर आलेला चेहरा त्या मुंबईच्या पोरीचा.

अक्काच्या पोरीनं वळून बघितलं. "मावशी, तू बी पवती ना? आजोबा म्हणले होते मला."

सासूनं कूस बदलली आणि माझ्याकडं बघितलं. अक्का लसूण सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"न्हाई," ती म्हणाली. "मावशीला पाण्याचं लय भ्या वाटतंय."

मी अक्काकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी फक्त मायच्या डोळ्यांत बघितलं होतं. मी म्हणाले, "होय गं. मला न्हाई पवता येत."

"मंग ही उडी मारणारी खरंच ती पिक्चरमधलीच पोरगी हाय?" पोरीनं विचारलं.

"तीच असंल," अक्का म्हणाली. "न्हाई तर उडी असंल दुसऱ्या कुणाची तरी. पिक्चरवाल्यायच्यात चालतंय."