गाडीत मी एकटाच होतो

आधीच सांगून टाकतो. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या घरात लहानपणापासून बाबांनी एकच शिकवलं — जे दिसत नाही त्याला घाबरायचं नाही, आणि जे कळत नाही त्याचं कारण शोधायचं. बाबा शाळामास्तर होते. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की ते त्या माणसाला बाजूला बसवून पाणी प्यायला द्यायचे आणि विचारायचे, "काल जेवला होतास का?" त्यांचाच मुलगा मी. अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

माझ्याकडे एक जुनी जीप आहे. अकोल्याला भंगारवाल्याच्या आवारात पडलेली सापडली. इंजिन जाम, टपावर ताडपत्रीच्या चिंध्या, आणि कागदपत्रांत परतवाड्याच्या एका माणसाचं नाव. मी ती ट्रकवर घालून घरी आणली तेव्हा माझी बायको ज्योत्स्ना फाटकात उभी राहून म्हणाली, "हे चालते का ढकलायची हाये?" ढकलूनच आत घेतली.

मग सहा वर्षं तेच वेड. पहिलं वर्ष इंजिनातच गेलं. नंतर मोठे, खोल नक्षीचे टायर. मग चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी दोन इंच उचलली, फसली तर ओढून काढायला पुढे बंपरवर विंच बसवली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा केला — उलटली तरी डोकं वाचावं म्हणून. दर दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेक काम. पुढची लांब सीट काढून दोन सुट्या बकेट सीट टाकल्या. मागची समोरासमोरची बाकं कापून काढली आणि तिथे सामानाचे कप्पे केले. ताडपत्री जाऊन पत्र्याचं टप आलं, काचेच्या खिडक्या आल्या आणि अगदी शेवटी एसी. एसीवरून ज्योत्स्ना हसली होती. "उघडी जीप घेतली होती ना तुमी? आता हे पेटी झाली."

ज्योत्स्ना सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आता अमरावतीत, पण नोकरीची सुरुवातीची चार वर्षं तिने धारणी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात काढली. तेव्हाची तिची मैत्रीण शांताबाई, तिथली आशा सेविका, कोरकू समाजातली. तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं. तिच्या पाड्यापर्यंत बस जात नाही. मी म्हटलं, चल, आपली जीप कशासाठी आहे.

सकाळी निघालो. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, मग धारणी. गाडी सुरेख चालली. धारणी सोडल्यावर तासाभराने डांबर संपलं आणि कच्चा रस्ता सुरू झाला. दुपारचे अडीच वाजले असतील. सागाची पानं झडलेली, सावली म्हणून कुठे नाही, समोरची हवा नुसती थरथरत होती. तिथे एक कोरडा नाला आडवा आला. त्यात घागरीएवढे दगड. असल्या ठिकाणी एकाने खाली उतरून दगड बघायचे आणि ड्रायव्हरला हाताने दिशा द्यायची असते. ज्योत्स्नाला ते काम मीच शिकवलेलं. ती स्कार्फ गुंडाळून उतरली आणि नाल्यात गेली. मी काचा बंद, एसी चालू, इंजिन चालू ठेवून काठावर थांबलो.

पहिल्यांदा वाटलं, सीट सरकली. उजवा खांदा दाराच्या बाजूने आत रेटला गेला. मी बघितलं... दार आणि माझ्यामध्ये चार बोटंसुद्धा जागा नव्हती. तिथे कुणी बसणं शक्यच नाही. पण उजवीकडून मला कुणाच्या तरी मांडीचा आणि दंडाचा दाब लागत होता. मग डावीकडून लागला. मग पाठीमागून मानेवर कुणीतरी सीटला धरल्यासारखा.

खेड्यातल्या वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला तीन, उजव्या बाजूला एक, आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकून गाडी चालवतो. प्रत्येकाचं अंग दुसऱ्याच्या अंगात रुतलेलं. अगदी तसं. फरक एवढाच की गाडीत मी एकटा होतो. काचेतून लख्ख ऊन आत येत होतं, शेजारची सीट रिकामी दिसत होती. तिच्यावर ज्योत्स्नाची पर्स होती. पर्स हललीसुद्धा नव्हती.

गाडी थोडी पुढे घ्यावी म्हणून मी क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेलो. दांडा जाईना. अडकला नव्हता — मी आयुष्यभर गिअरबॉक्स उघडलेत, अडकलेला दांडा कसा लागतो ते हाताला माहीत आहे. हा मऊ काहीतरी आड आल्यासारखा थांबत होता. कुणाच्या गुडघ्याला लागल्यासारखा. पुन्हा जोर केला तसा तो खट्‌कन गिअरमध्ये पडला, त्याच क्षणी माझा पाय क्लचवरून रेटला गेला, गाडीने गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं.

एसी गेला. मेळघाटातला मे महिना, पत्र्याचं टप, बंद काचा. दोन-तीन मिनिटांत आतली हवा भट्टीसारखी झाली. काच खाली करायला हात उचलायला गेलो, तर दोन्ही हात मांडीवरच दाबले गेलेले. हॉर्न हातभर अंतरावर होता. तिथपर्यंत हात जाईना. बरगडीत डाव्या बाजूने काहीतरी टोकदार रुतत होतं, पिशवीतल्या डब्याचा काठ असावा तसं. श्वास आत घ्यायला छातीला जागा नव्हती. अर्धा श्वास, पुन्हा अर्धा श्वास.

आणि डाव्या खांद्यावर कुणाचं तरी डोकं येत होतं. झोपलेल्या माणसाचं. हळूहळू घसरत यायचं, टेकायचं, मग सावरून मागे जायचं. पुन्हा यायचं. एवढ्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली... कारण त्यात काहीही भयंकर नव्हतं. ते कुणीतरी थकलेलं माणूस होतं.

माझं वाईट करणारं तिथे कुणीच नव्हतं, हे मला समजत होतं. ते बसले होते, एवढंच. पण मी त्यात मरणार, हेही समजत होतं.

समोर नाल्यात ज्योत्स्ना दिसत होती. दगड बघून झाल्यावर तिने वळून हाताने "या" अशी खूण केली. मी हललो नाही. तिने पुन्हा खूण केली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला वाटलं, मी मोबाइल बघतोय. मी ओरडायचा प्रयत्न केला, पण ओरडायला लागतो तेवढा श्वासच नव्हता. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसता येत नव्हता.

शेवटी ती चढून वर आली. जवळ येता येता मध्येच थांबली आणि गाडीच्या चाकांकडे बघत राहिली. मग धावत आली आणि माझं दार उघडलं. दार सहज उघडलं. बाहेरची हवा तोंडावर आली, तीही गरमच, पण हवा. मला वाटलं सुटलो. पण मी तसाच.

"काय करून राहिले तुमी? इंजिन कावून बंद केलं?"

"मले हालता येऊन नाई राहिलं," मी कसंबसं बोललो.

तिचा चेहरा बदलला. ती बायकोची नर्स झाली. "माह्याकडे पाहा. हसून दाखवा. दात दाखवा. नाव सांगा पोरीचं." तिला अर्धांगाचा संशय आला होता. मी दात दाखवले, मुलीचं नाव सांगितलं. तिने नाडी बघितली. मग माझा उजवा हात धरून ओढला. पूर्ण ताकदीने ओढला. हात दाबलेल्या जागेवरून निघेना.

"लकवा नाई हा," ती म्हणाली.

"दाटी झाली," मी म्हणालो. दुसरा शब्दच सुचला नाही. "लय दाटी झाली गाडीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा चाकांकडे. नंतर तिने मला सांगितलं की गाडी खाली बसली होती. मागचे टायर पत्र्याला टेकायला आले होते, पाटे उलटे वाकले होते. चार वर्षं ती याच रस्त्यांवर असल्या भरलेल्या जीपमधून फिरली होती. भरलेली गाडी कशी दिसते हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती मागे गेली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तिने पत्र्यावर दोनदा हाताची थाप मारली, वडापचे क्लीनर मारतात तशी, आणि मोठ्याने म्हणाली, "चलो, उतरो. आ गया. उतरो सब." त्यानंतर कोरकूत काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. आवाज तिचा नेहमीचा होता. लसीकरणाच्या दिवशी बायकांना रांगेत उभं करते तो.

काही क्षण काही झालं नाही. मग गाडी मागून किंचित हलली. कुणी पायरीवरून उतरलं की हलते तशी. पुन्हा हलली. पुन्हा. दर हिसक्याला गाडी थोडीथोडी वर येत होती आणि माझ्या अंगावरचा दाब कमी होत होता. आधी मान सुटली. मग बरगडीतलं टोक गेलं. डावा हात मोकळा झाला. खांद्यावरचं डोकं शेवटी एकदा टेकलं आणि गेलं. मी दारातून मातीत पडलो आणि पालथा पडूनच श्वास घेत राहिलो. त्या जागेवरून मला मागचं चाक दिसत होतं. ते शेवटचं एकदा उचललं गेलं आणि स्थिर झालं.

ज्योत्स्ना अजून मागच्या दाराशीच उभी होती. एक हात पुढे केलेला.

गाडीत परत बसायला मी तयार नव्हतो. पण जाणार कुठे? ती म्हणाली, "मी चालवतो. तुमी काचा उघडून बसा." पाड्यापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी घरापर्यंत तिनेच चालवली. मी सगळा वेळ दाराचं हँडल धरून बसलो होतो. लग्नात काय जेवलो, आठवत नाही.

आता कारणं. मी ती सगळी शोधली. डॉक्टर म्हणाले, उष्माघात आणि त्यातून घाबरल्याचा झटका, अंग आखडू शकतं. पटण्यासारखं आहे. मी ते मान्यही केलं असतं. पण पुढच्या आठवड्यात गाडी अकोल्याला नेली, ज्याने पाटे बसवून दिले त्याच कारागिराकडे. त्याने खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "सर, काय भरलं होतं गाडीत? सिमेंट?" मागचे दोन्ही मुख्य पाटे तडकले होते. मी म्हटलं, आम्ही दोघं आणि लग्नाचा आहेर. तो हसला. त्याला वाटलं, मी लपवतोय.

मग मी कागदपत्रांतलं नाव धरून परतवाड्याला गेलो. गफ्फारभाई आता म्हातारे आहेत, दारातच खाटेवर बसलेले होते. ती जीप त्यांनी बावीस वर्षं धारणीच्या बाजूला वडापवर चालवली. मी आडून आडून विचारलं, कधी अपघात, कुणी दगावलं वगैरे. खरं सांगायचं तर, अपघात झाला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान एक गोष्ट तयार झाली असती.

त्यांना माझा प्रश्न आवडला नाही. "सर," ते म्हणाले, "मेरी गाडी में बैठा आदमी घर नहीं पहुंचा, ऐसा एक दिन नहीं. पूछ लो किसी को भी." मी विचारलं. धारणीत, हरिसालात, जुन्या ड्रायव्हरांना. सगळ्यांनी तेच सांगितलं.

म्हणजे कुणी मेलं नव्हतं. मग ते कोण होते, कुठे निघाले होते आणि माझ्याच गाडीत का चढले, मला माहीत नाही. मी इंजिनिअर आहे, लोड किती होता ते पाट्यांवरून काढू शकतो. काढलाही. पुढे काय करायचं त्या आकड्याचं?

ज्योत्स्ना या विषयावर बोलत नाही. एकदाच विचारलं होतं मी, ती भाकरी थापत होती तेव्हा. म्हटलं, सगळे उतरल्यावर तू हात कशाला पुढे केला होतास?

"शेवटी कोणी ना कोणी म्हातारी रायतेच," ती म्हणाली. "तिले पायरी उतरता येत नाई."

"मग? हाताला काही लागलं?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"लागलं ना. सगळा भार टाकला तिनं. दोन दिवस खांदा दुखला माहा. तुमी आधीच घाबरले होते, म्हणून नाई सांगितलं."