वन्संचे जंत

१८ जानेवारी, रविवार, सकाळी दहा. जागा: आमच्या सोसायटीची गच्ची, पाण्याच्या टाकीजवळ. हजर: चेअरमन, म्हणजे पहिल्या मजल्यावरचे मुकादमभाई, समोरच्या फ्लॅटमधल्या पाटीलकाकू, आमचे हे, सेक्रेटरी म्हणून मी, आणि ज्यांच्यामुळे ही सभा भरली त्या माझ्या नणंदबाई, ह्यांची थोरली बहीण, म्हणजे वन्सं. विषय एकच: गच्चीतला वास.

वासाकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पनवेलच्या खाडीपासून कळंबोलीच्या लोखंडबाजारापर्यंत दारोदार विचारत फिरलात, तरी वन्संइतकं जंतांवर प्रेम करणारं माणूस तुम्हाला मिळायचं नाही. लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात, कोणी लव्हबर्ड्स आणतात आणि चार दिवसांनी शेजाऱ्यांना देऊन टाकतात. वन्संनी जन्मभर जंत सांभाळले. गोव्यातल्या एका समुद्र संशोधन केंद्रात त्यांची नोकरी. जहाजं खोल समुद्राच्या तळाचा चिखल वर आणायची आणि वन्सं त्यातले केसाहून बारीक जंत सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायच्या, मोजायच्या. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं की म्हणायच्या, "मोजणी चालू होती." निवृत्त झाल्या आणि दिवाळीनंतर आमच्याकडे आल्या, दोन साड्या आणि गोधडीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक घेऊन. दारातच सांगितलं, "एक प्रयोग राहिलाय. तुमच्याकडे खाडी आहे म्हणून आले. मोजणी संपली की निघाले."

मला अशी माणसं आवडतात. येतानाच जायचं सांगतात, म्हणजे गाद्यांचं, गॅसचं, दुधाचं नियोजन करता येतं. मी लगेच "मोजणी साधारण कधी संपेल?" असं विचारलं. ह्यांनी मला आत नेऊन दटावलं. "तू काही विचारू नकोस. राहा म्हटलं की ताई त्याच दिवशी तिकीट काढते. आईच्या वेळेपासूनचं आहे." ह्यांना ती एकच बहीण. ताईने आता एकटीने गोव्याच्या त्या खोलीत राहू नये असं ह्यांच्या मनात, पण बोलायची चोरी. थोडक्यात, आमच्या घरात राहायचं की जायचं हा विषय काढायला बंदी होती आणि सगळा भरवसा जंतांवर होता.

आता हा शब्द. मी पहिल्याच दिवशी सुचवलं होतं, "वन्सं, लोकांसमोर सूत्रकृमी म्हणा ना."

"सूत्रकृमी पुस्तकात असतात. चिखलात जंतच असतात," वन्सं म्हणाल्या आणि विषय मिटला. मिटला कसला, पसरला. पाटीलकाकू मूळच्या जासईच्या, मनाने मोकळ्या. लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "कशा हाव ताई? बरं हाय ना?" वन्सं आनंदाने म्हणाल्या, "एकदम! आज सकाळी बघितलं, भरपूर जंत होते. चांगले वळवळत होते." संध्याकाळपर्यंत आमच्याकडे वावडिंगाचा काढा आला, मागोमाग कारल्याचा रस. मुकादमभाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की पाण्यात जंतू असल्याची शंका आहे, टाकी तातडीने साफ करावी. दोन वर्षं मी ज्या कामासाठी सगळ्यांच्या मागे लागले होते ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत झालं. त्या दिवसापासून मी वन्संच्या जंतांना नावं ठेवणं बंद केलं.

प्रयोग काय होता ते मला वन्संनी पोळ्या लाटता लाटता समजावलं. खोल समुद्राच्या तळाशी काळोख, थंडी, आणि मैलोन्मैल मऊ चिखल. मधेच कुठेतरी प्रवाह तळ खरवडून नेतो, किंवा वरून गाळाचा लोंढा येऊन सगळं गाडून टाकतो. जागा ओसाड होते. काही काळाने बघावं तर तिथे पुन्हा जंतांची वस्ती! "यांना धड पोहता येत नाही. यांची पिल्लं पाण्यात तरंगत लांब जाणाऱ्यांतली नाहीत. मग येतात कुठून?" वन्संनी लाटणं रोखून मला विचारलं, जणू मीच त्यांना आत घेतलं होतं. काही बाजूच्या चिखलातून सरपटत येतात, काहींना तळाचा प्रवाह उचलतो आणि वाहत आणून टाकतो. किती चालत आले आणि किती वाहून, हा वन्संचा प्रश्न. केंद्रातले लोक तळाशी स्वच्छ चिखलाची तबकं ठेवून हे तपासायचे, पण वन्संना बोट लागते, त्यामुळे त्या कधी जहाजावर गेल्या नाहीत. दुसऱ्यांनी आणलेलं मोजत राहिल्या. आता खोल समुद्र नाही तर नाही, खाडी तरी.

तबकं म्हणून वन्संनी माझं इडलीपात्र घेतलं. विचारून घेतलं असं त्या म्हणतात. खाडीचा चिखल आधी माझ्या फ्रीजरमध्ये गोठवला, वितळवला, पुन्हा गोठवला, म्हणजे आतले जुने रहिवासी संपावेत. "घर रिकामं केल्याशिवाय नवा भाडेकरू कोण ते कसं कळणार?" मग तो इडलीच्या खळग्यांत भरला. एक ताट खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या काठच्या चिखलात, सपाट पुरलं, की चालत येणाऱ्यांना दार उघडं. दुसरं दांडीवर उंच बसवलं, की तिथे फक्त भरतीच्या पाण्यातून वाहत आलेलेच पडतील. पाटीलकाकू सोबत होत्या, कारण चिखलात पाय कुठे टाकायचा हे त्यांना ठाऊक. येताना दोघी गुडघ्यापर्यंत काळ्या आणि हसून हसून बेजार. "ताई बोलली, काकू, आपुन इडल्या लावल्या!" काकू जिन्यातूनच ओरडत आल्या. ताटं परत आल्यावर चिखल बाटल्यांत गेला आणि त्यात जंत दिसावेत म्हणून गुलाबी रंग पडला. त्या बाटल्या फ्रिजमध्ये माझ्या सोलकढीशेजारी उभ्या राहिल्या. ह्यांनी एकदा ग्लास काढून बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि तेव्हापासून आमच्या घरी सोलकढी होत नाही.

पुढे तर वन्सं माणसांचीही तशीच वर्गवारी करू लागल्या. "तुम्ही पनवेलला चालत आलात की वाहून?" हा प्रश्न त्या वॉचमनपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना विचारायच्या. मुकादमभाई उमेदीची वर्षं कुवेतला काढून परतलेले. ते म्हणाले, "आपा, आम्ही वाहून गेलो आणि वाहूनच परत आलो." पाटीलकाकूंनी मात्र कमरेवर हात ठेवला. "आमी कुठनं येनार? आमी हितलीच हाव. आलाव ते तुमी!"

तर सभा. तक्रार गच्चीतल्या टबांची होती. त्यांत राखीव चिखल होता आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरत होता. मुकादमभाईंनी नाकावर रुमाल धरून अदबीने विचारलं, "आपा, हे अजून किती दिवस?"

"मोजणी संपेपर्यंत. मग टब रिकामे, गच्ची रिकामी, आणि मी गोव्याला."

हे टाकीकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "चिखलाचा वास आमाला नाय येत. पन ताई, जायची घाई कशाला?" मी काकूंना डोळ्यांनी खुणावलं, पण शब्द तोंडातून गेला होता. आता तिकीट निघणार, असं ह्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

वन्सं चिडल्या नाहीत. टबातला चिखल बोटाने सारखा करत म्हणाल्या, "एक गंमत सांगते. वाहून आलेला जंत आपण समजतो तितका बिचारा नसतो. प्रवाह आणून सोडतो खरा, पण बसायचं कुठे ते तो थोडंफार स्वतः बघतो. खायला असेल तिथे घुसतो." मग हात पुसत माझ्याकडे वळल्या. "आज जेवायला काय आहे?"

टबांवर झाकणं घालावीत असा ठराव एकमताने मंजूर झाला.

सपाट ताटाची मोजणी जानेवारीतच संपली. उंच ताटाची अर्ध्यावर असताना वन्संच्या डोळ्यांना पाणी येऊ लागलं, म्हणून आता सूक्ष्मदर्शकाला डोळा मी लावते आणि त्या शेजारी बसून विचारतात, "शेपूट कसं आहे? टोकदार की बोथट?" मी हातातलं काम दुसऱ्या दिवसावर ढकलणारी बाई नाही, हे सोसायटीत कोणालाही विचारा. पण परवा शेवटची बाटली उरली आणि मला एकाएकी माळा आवरायचं आठवलं. काल डाळी निवडायच्या होत्या. आज सकाळी वन्संनी दुधासाठी फ्रिज उघडला, गुलाबी बाटलीकडे पाहिलं, ती थोडी मागे सरकवली, आणि पुढे कोथिंबिरीची जुडी ठेवून दार लावलं. मी चहाचं आधण ठेवलं.

ती बाटली मोजायची राहिली आहे.