हा कुणाचा पाहुणा?

ती घटना आजही आठवते, असे म्हणून आमच्या खात्यातले निवृत्त लोक बोलायला लागतात आणि मग एखादा दरोडेखोर त्यांच्या पायाशी येऊन पडतो. माझ्या आठवणीत दरोडेखोर नाही. एक पंगत आहे, एक अर्धे राहिलेले ताट आहे, आणि ती आठवण मला बहुधा जेवायला बसल्यावरच येते.

नव्वदच्या दशकात मी इस्लामपूरच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. चैत्र लागला की सातारा-सांगलीकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. आज एका गावाची पालखी, उद्या पलीकडच्या गावात कुस्त्यांचे मैदान, परवा तिसरीकडे तमाशा. त्या दिवसांत आमचा संसार जीपमध्ये असे. शाळेच्या खोलीत तात्पुरती चौकी मांडायची, गुलालात रंगलेले होमगार्ड हुडकून पुन्हा जागेवर उभे करायचे, पाकीटमारांवर नजर ठेवायची आणि रोजच्या तांबड्या रश्शातून स्वतःचे पोट सांभाळायचे. स्टेशन डायरीत मात्र ‘बंदोबस्त शांततेत’ एवढेच लिहायचे.

या जत्रांची एक रीत आहे. दारावरून जाणाऱ्याला “या पाव्हणं, जेवून जावा” म्हणत हाताला धरून पंगतीत बसवतात. तो कोण, कुठला, हे विचारत नाहीत. विचारणे हा त्याचा अपमान समजतात. घरच्यांना वाटते हा भावकीतल्या कुणाचा पाहुणा, भावकीला वाटते सुनेच्या माहेरचा. सगळे पोटभर जेवून उठतात आणि कुणाचे काही अडत नाही. अडते ते पोलिसांचे.

त्या गावात शिरताना एक कमान होती. तिच्यावर देवाचा फोटो होता, पण यात्रा समितीच्या अध्यक्षांच्या फोटोपेक्षा लहान. अध्यक्ष उसाचे बागायतदार, हौशी माणूस. त्यांनी त्या वर्षी तमाशा बंद करून ऑर्केस्ट्रा आणला होता आणि शेवटच्या कुस्तीला चांदीची गदा जाहीर केली होती. ती गदा त्यांच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीत, मखमल घातलेल्या टेबलावर ठेवली होती. तिला हार घातला होता, दोन्ही बाजूंना दिवे लावले होते. जेवून उठलेला माणूस पान खाऊन तिचे दर्शन घेऊनच बाहेर पडत असे. देवळात एवढी गर्दी नव्हती.

दुपारी अध्यक्ष धापा टाकत चौकीवर आले. त्यांचे घर शाळेपासून दोनच दारे पलीकडे होते.

“साहेब, गदा गेली! मखमल हाय, हार हाय, गदा न्हाई! संध्याकाळी मंत्रीसाहेब येणार. त्यांच्या हातात काय नारळ देऊ?”

त्याच वेळी आमच्या हवालदारांच्या ओळखीचा एक पानवाला खबर घेऊन आला. तो जत्रेमागून जत्रा करत टपरी लावायचा, त्यामुळे तोंडे त्याच्या लक्षात राहत. त्याने सांगितले, “तुमच्या अध्यक्षांच्या पंगतीला एक जण बसलाय, त्यो मागच्या दोन्ही जत्रंत हुता. दोन्हीकडं जेवला. त्याचं ना तिथं कोण हाय, ना इथं.”

खबर पक्की वाटली. आम्ही निघालो.

तो माणूस भिंतीकडेला बसून जेवत होता. साठीच्या आसपासचा, गुळगुळीत दाढी केलेला, धुऊन विटलेला सदरा, मांडीशी कापडी पिशवी. आम्ही पोचलो तेव्हा तो वाढप्यासमोर वाटी धरून होता. चोरी करून कुणी त्याच घरात दुसऱ्यांदा रस्सा मागत नाही, हे मला तिथेच सुचायला हवे होते. मला सुचला तो नेहमीचा प्रश्न.

“हा कुणाचा पाहुणा?” मी मोठ्याने विचारले.

पंगत थांबली. अध्यक्षांनी चुलतभावाकडे पाहिले, चुलतभावाने शेजाऱ्याकडे.

“आमचा न्हवं.”

“आमचा तर न्हाईच.”

“मला वाटलं, बामणोलीकडनं कोण आलंय तुमच्याकडं.”

“आमच्याकडं? आमी वळकत बी न्हाई!”

ज्यांनी घटकाभरापूर्वी त्याला आग्रह करून भाकरी वाढली होती, त्यांनीही माना हलवल्या. कुणीतरी “भामटा दिसतोय” म्हणाले, आणि मग ते सगळ्यांनाच दिसायला लागले. अध्यक्षांनी पुढे होऊन त्याच्या तोंडात मारली. मी त्यांचा हात धरला, पण मारून झाल्यावर. माणूस हात न धुता उठला. गल्लीतून नेताना त्याने बरबटलेला उजवा हात पोटाशी झाकून धरला होता. दोन्ही बाजूंना बायामाणसे उभी होती. एकाही दारातून पाण्याचा तांब्या पुढे आला नाही, आणि तो मागावा असे मलाही वाटले नाही.

चौकीत पिशवी उघडली. आत एक नऊवारी लुगडे, बांगड्या आणि तोंडाला लावायच्या पांढऱ्या रंगाची डबी निघाली. हवालदार म्हणाले, “साहेब, लुगडं बी चोरीचंच.”

“माझं हाय,” तो म्हणाला.

शिपाई हसले. “नेसतोस व्हय रं?”

त्याने नाव सांगितले, गाव सांगितले, धंदा सांगेना. जत्रा करत का फिरतो, तेही सांगेना. मी आवाज चढवला. खोलीतली पोरांची बाके बुटकी होती. तो गुडघे छातीशी घेऊन बसला होता.

“जेवायला कुणी बसवलं तुला?”

“जत्रा हाय साहेब. बसवतंय कोन बी.”

“गदा कुठं आहे?”

“जेवलो त्या घरातलं मी काय बी बगितलं न्हाई.”

मी पुढचा प्रश्न विचारणार होतो, पण थांबलो. चौकशीत माणसे खोटे बोलतात, ते आपापल्या गरजेपुरते. चोर म्हणतो, ‘मी घेतले नाही.’ हा म्हणत होता, ‘मी पाहिले नाही.’ पाहिलेस का, असे मी विचारलेच नव्हते. समोर आरोपी नाही, साक्षीदार बसला आहे, आणि तो कुणाला तरी झाकतो आहे, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरले. मी हवालदारांना त्याच्या हातावर पाणी घालायला सांगितले आणि अध्यक्षांच्या घरी परत गेलो.

त्यांच्या पत्नी चुलीपाशी होत्या. मी विचारले, “त्या माणसाला पानावर कुणी बसवलं?”

“मामंजींनी. दारातनं स्वतः आत आणलं, त्यो परसात हात धुऊन आला. पयली भाकरी बी मामंजींनीच वाढली. मग गेलं देवळात.”

“मघाशी हे का नाही सांगितलंत?”

त्यांनी पदर सावरला. “मगाशी समद्या बाप्या माणसांनी न्हाई म्हटलं. मी कशी बोलू?”

मामंजी म्हणजे अध्यक्षांचे वडील. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गाव त्यांना सुभेदारच म्हणे. मी देवळात निरोप धाडला. पालखीच्या मानासाठी छातीवर पदके लावली होती, तसेच ते चौकीत आले. बाकावरच्या माणसाला पाहून दारातच थांबले.

“ह्याला का बसवलाय?”

“गदा चोरल्याचा संशय आहे.”

“गदा माझ्या परसात कडब्याच्या गंजीत हाय,” ते म्हणाले. “म्या खुपसली. ह्यो हात धुवाया आलावता, त्यानं बगितलं. सोडा त्याला आदी.”

अध्यक्ष मागोमाग आलेच होते. “आबा, काय बोलताय ह्ये?”

“तू बोल की. चांदीची हाय म्हनून कमानीवर लिवलंस. सकाळी देवापुढं ठेवायची म्हनून म्या घासाया घेतली, तर दांड्याखाली पिवळी निघाली. आख्खी नोकरी पितळंची बक्कलं घासली रं म्या. मला पितळ वळकंना व्हय?”

अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले, “वर्गणी ऑर्केस्ट्रालाच संपली, आबा. पॉलिश करून आणली. कुणाला कळणार हुतं?”

“मला कळलं. देवाच्या नावानं पैलवानाला पितळ द्यायचं? घरात पाव्हणं हुतं, वरडता येईना. म्हनून समदी पंगतीत गुतल्यावर गपचूप लपवली.”

मी त्या माणसाकडे वळलो. “हे सगळं पाहूनही तू गप्प का बसलास?”

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “त्यांनी मला वळकलं हुतं साहेब. वळकून बी पंगतीत कुनाला सांगितलं न्हाई. मग मी कसं सांगू?”

सुभेदार बाकाच्या टोकावर बसले आणि मला हळू आवाजात म्हणाले, “ह्याच गावच्या जत्रंत तमाशात गवळणीतली मावशी व्हायचा ह्यो. लुगडं नेसून, बांगड्या भरून. हसवून हसवून आमच्या डोळ्यातनं पानी काढायचा. तोंडावर रंग न्हाई म्हनून कोन वळकत न्हाई. दारात ‘रामराम’ म्हनला, आन् आवाज वळकला म्या. फड बंद पडलाय. कुटल्या फडाला रातीपुरती गरज लागंल म्हनून सामान घिऊन फिरतोय, तवर जत्रंत जेवतोय. त्यो खाली मान घालून जेवत हुता. मी कशाला तोंड उगडू?”

शिपायांनी लुगड्याची घडी घालून पिशवीत ठेवली. या वेळी कुणी हसले नाही.

फिर्याद निकाली काढणे सोपे होते. ‘गदा घरातच मिळून आली, तक्रार नाही’ एवढे लिहून अध्यक्षांची सही घेतली. मी त्या माणसाला म्हणालो, “तू मोकळा आहेस. जा.” माझ्या दृष्टीने तपास संपला होता.

सुभेदारांच्या दृष्टीने नव्हता. “जा कुटं? पंगतीतनं उठवून आनलाय, पंगतीत न्हिऊन बसवा. ताट अर्धं राहिलंय त्याचं.”

“नगं आबा,” तो माणूस म्हणाला. “घास उतरायचा न्हाई आता.”

“उतरंल. मी बसतो संगं.”

त्याच गल्लीतून आम्ही परत निघालो. दारांत तीच माणसे होती. कुणीतरी विचारले, “आबा, ह्यो कोण वो?”

मला वाटले, आता सांगतील. सुभेदार थांबले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, “माझा पाव्हणा. माझ्या पलटणीतला.”

क्षणभर तो माणूस गोंधळला. मग त्याने टाच आपटली आणि सॅल्यूट ठोकला. कोपर फार वर, बोटे पसरलेली, छाती नको तितकी पुढे. फडात वगातला शिपाई असाच सॅल्यूट ठोकत असणार. कवायतीच्या मैदानावर अशा सॅल्यूटला मी शिक्षा केली असती. सुभेदारांनी त्याला उलट सॅल्यूट केला, तो मात्र अगदी नियमाप्रमाणे.

मग जे झाले ते मला जास्त बोचते. ‘आमचा न्हवं’ म्हणणारे सगळे पुढे सरसावले. “पाव्हणं, आमच्याकडं बी चार घास खावा!” “आवं, आदी सांगायचं न्हाई व्हय?” चुलतभावाने तर त्याच्या हातातली पिशवी घेतली. तो कुणाकडेच गेला नाही. सुभेदारांशेजारी बसून त्याने ताट संपवले. मलाही आग्रह झाला. मी बंदोबस्ताचे कारण सांगून निघालो. खरे कारण असे की त्या पंगतीत मी कुणाशेजारी बसावे, हे मला कळत नव्हते.

संध्याकाळी भोंग्यावरून जाहीर झाले की ‘काही तांत्रिक अडचणींमुळे’ शेवटच्या कुस्तीला मानाचा फेटा देण्यात येईल. फेटा बांधून पैलवान खूश होता. मंत्रीसाहेबांना गदेचे काही ठाऊकच नव्हते. गावाला बहुधा सगळे कळले होते. कुणी चकार शब्द काढला नाही. रात्रीच्या डायरीत मी नेहमीचा ‘शांततेत’ हा शब्द गाळून एवढेच लिहिले, की बंदोबस्त केला.

या प्रकरणाने मला चौकशीबद्दल थोडे शिकवले आणि स्वतःबद्दल जरा जास्त. ‘हा कुणाचा?’ हा आमच्या खात्याचा आवडता प्रश्न आहे. पोलिसाने तो चारचौघांत विचारला की ‘आमचा नाही’ हेच उत्तर येते. माझ्यासमोर माणसाचे माणूसपण असे पंगतीभर हातोहात नाकारले गेले, आणि मी ती माहिती समजून टिपून घेतली. एक खोटे बोलून त्याला वाचवता आले असते. ते सुभेदारांना सुचले.

आता माझ्या गावच्या जत्रेला मी दारात खुर्ची टाकून बसतो. अनोळखी माणूस दिसला की हाक मारतो. मुलगा कधी हळूच विचारतो, “बाबा, हे कोण?”

“माझा पाहुणा,” मी सांगतो. “आमच्या खात्यातला.” आणि त्याला वाढायला मी स्वतः उठतो.